तिसरं चित्र कुणाचं?

३ तारीख, सोमवार

बहिणीनं ही वही पाठवली. "ताई, रोज काय काय खुपलं ते यात लिहीत जा, म्हणजे माणसांवर जरा कमी ओरडशील," असा निरोप. एका वहीत भागेल असं तिला वाटतं. लहानपणापासून एका खोलीत झोपूनही तिनं मला ओळखलेलं नाही.

आजचं खुपलेलं म्हणजे उद्घाटन. आमच्या मुलांच्या हॉस्पिटलात नवं यंत्र आलं आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, फीत कापली. कापताना ते कात्रीकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडे बघत होते, त्यामुळे फीत तुटेना. शेवटी एका नर्सनं पलीकडून ओढून धरली. मग भाषण. "हे नुसतं यंत्र नाही, हे दोन यंत्रांचं लग्न आहे!" टाळ्या. त्यानंतर केक, तोही कंट्रोल रूमच्या टेबलावर, जिथं उद्यापासून तान्ह्या बाळांच्या सुया भरून ठेवायच्या आहेत. कुणाची तरी क्रीमची बोटं काचेवर उमटली. मी स्वतः स्पिरिट घेऊन पुसली.

मुलांना भीती वाटू नये म्हणून यंत्राच्या तोंडाभोवती रंगीत मासे चिकटवलेत. त्यातला एक दात काढून हसतो. घाबरलेलं पोर मासे बघत नाही, आई कुठं गेली ते बघतं. हे मला इतकी वर्षं मुलांचे फोटो वाचून ठाऊक आहे, पण मला विचारतो कोण?

संध्याकाळी बहिणीचा फोन. "पण लग्न कशाशी कशाचं?" तिला सांगितलं ते इथंही लिहिते. नळी एकच, आत यंत्रं दोन. एक माझं, चुंबकाचं. पोटातला कुठला अवयव कुठं आहे, कसा आहे, ते काळ्याकरड्यात दाखवतं. दुसऱ्यासाठी रक्तात थोडंसं किरणोत्सारी औषध सोडतात. ते जिथं गोळा होईल तिथं रंग पेटतो. म्हणजे माझं यंत्र घरं दाखवतं आणि दुसरं दिवे. मग संगणक एकावर एक ठेवून तिसरं चित्र बनवतो, कुठल्या घरात दिवा लागलाय ते सांगणारं. "मस्तच की!" बहीण म्हणाली. तिला सगळंच मस्त वाटतं.

५ तारीख, बुधवार

तह झाला आणि तो माझ्या अटींवर झाला.

भांडण असं होतं की चित्रं वाचायची कुणी. दिव्यांच्या विभागाचा डॉक्टर माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला मी मनात रंगारी म्हणते, एकदोनदा तोंडातूनही गेलं. तो हसला. त्याला राग येत नाही, आणि त्याच्यातलं हेच मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं. कंट्रोल रूममध्ये तो बूट काढून मोज्यांवर बसतो, खुर्चीत मांडी घालून. चहात बिस्किट बुडवतो, ते पडतं, मग तळाचा लगदा चमच्यानं खातो. आणि चित्रांशी बोलतो. "काय राजा, कुठं लपलास?" असं पडद्याला विचारताना मी त्याला या कानांनी ऐकलंय.

मसुदा मीच केला. करडं चित्र माझं, रंगीत त्याचं. दोन रिपोर्ट, दोन सह्या, एक पिन. कुणी कुणाच्या भागात बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं, "आणि ते तिसरं, एकत्रित? ते कुणाचं?" मी म्हटलं, ते संगणक आपोआप बनवतो, त्यावर सही कशाला हवी?

रंगारी म्हणाला, "मॅडम, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो हं."

"पाहुणा नाही तो, फोटो आहे," मी म्हटलं. सगळे हसले. सह्या झाल्या.

११ तारीख, मंगळवार

रंगारी दारात उभा. गळ्यात गाठी आलेला एक मुलगा आहे, त्याच्याबद्दल.

"मॅडम, एकदा शेजारी बसून बघू या का?"

"माझा भाग मी पाहिलाय. तुमचा तुम्ही बघा."

"तसं नाही, म्हणजे एकत्र..."

"तहात एकत्र नाही."

गेला मोजे घासत. त्यानंतर कॉरिडॉरमध्ये त्याच मुलाला खांद्यावर घेऊन तो छताचे दिवे मोजत होता. पोरगं खिदळत होतं. सकाळी माझ्या खोलीत आलं तेव्हा तेच पोरगं भोकाड पसरत होतं. लाडीगोडी लावायला अक्कल लागत नाही.

मला चीड येते ती लोक रंगाला भुलतात याची. करड्याच्या दोन छटांमधला फरक ओळखायला माझी उमर गेली. आता नारिंगी ठिपका पेटला की साहेबसुद्धा बोट ठेवून म्हणतात, "हा काय, इथं आहे आजार!" मग माझी गरज काय, असं कुणी अजून विचारलेलं नाही. विचारतील.

घरी वेगळाच छळ. हे रिटायर झाल्यापासून स्वयंपाक शिकतायत. पडद्यांना तळणीचा वास बसलाय. मी आले की टेबलावर झाकलेलं ताट असतं, गार झालेलं, आणि हे आत टीव्हीसमोर. आज बाहेर येऊन विचारलं, "कसं झालंय?" मी म्हटलं, "कांदा करपलाय." करपलाच होता. तर म्हणाले, "बरं, उद्या मंद आचेवर करतो." माणसानं इतकंही मऊ असू नये. किळस येते.

१३ तारीख, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या नवजात कक्षात एक मुलगी आली आहे. तिच्या रक्तात साखर टिकत नाही. स्वादुपिंडानं इन्सुलिन गरजेपुरतं सोडायचं असतं, हिचं उघड्या नळासारखं सोडतंच राहतं. हातापायाला पट्ट्या, पट्ट्यांखाली सुया, सुयांमधून अखंड ग्लुकोज. जरा कमी पडलं की झटके, आणि प्रत्येक झटका मेंदूला खातो. औषध देऊन पाहिलं, लागू पडलं नाही.

सर्जनबाई मला जिन्यातच भेटल्या. त्या चालताना बोलतात आणि बोलताना जेवतात. आज सफरचंद होतं.

"मॅडम, मला एकच सांगा. एक ठिपका की सगळं? स्वादुपिंडात एकच खराब ठिपका असेल तर तेवढा कापून काढते, पोर जन्माची मोकळी. सगळंच खराब असेल तर जवळजवळ सगळं काढावं लागेल. मग आयुष्यभर सुया, आयुष्यभर मधुमेह. आणि फार दिवस थांबता येणार नाही, तिच्या शिरा संपत आल्यात."

इतकं स्पष्ट काम कुणी फार दिवसांत दिलं नव्हतं. मला बरं वाटलं, पण बोलत बोलत माझ्या खोलीपर्यंत येऊन त्यांनी सफरचंदाचा देठ माझ्या टेबलावर ठेवला आणि ते बरं वाटणं गेलं.

या आजाराचं दिव्याचं औषध दूरच्या एका कारखान्यात बनतं आणि वाटेतच निम्मं मरतं. उद्या येतंय. पुन्हा केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, म्हणजे एकच संधी.

बाळाच्या आईला भेटले. वयानं अगदीच पोर. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दूध पिळून बाटलीत काढत होती. ब्लाउज भिजलेला, खोलीभर आंबूस वास. मी खिडकी उघडायला सांगितली.

"माफ करा हं, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "तिला पोटभर पाजूच देत नाहीत. थेंबथेंब नळीनं देतात. मग हे असं वाहतं."

मी कागद तपासत राहिले.

"उद्या फोटो तुम्हीच बघणार ना?"

"माझा भाग मी बघणार. दुसरा भाग दुसरे डॉक्टर."

"म्हणजे तुम्ही डोकं आणि ते पोट?"

"नाही. दोघंही पोटच."

"मग भाग कशाचे केलेत?" लोकांना साधी कामाची पद्धत समजत नाही. समजावत बसले नाही.

१४ तारीख, शुक्रवार

शिशाच्या डब्यातून औषध सकाळी आलं. बाळ सकाळपासून उपाशी, फक्त ग्लुकोजवर, कारण पोट रिकामं असलं तर रंग स्वच्छ येतो. रंगाऱ्यानं औषध दिलं. नंतर बाळाला फडक्यात गुंडाळून त्या खास उशीत ठेवलं. आतली हवा काढली की ती उशी घट्ट होते आणि बाळाची पाठ जराही सरकत नाही. भूल द्यायची नव्हती, या पोरीला भूल म्हणजे विषाची परीक्षा. झोपली तर झोपली.

ती झोपली, पण पुरती नाही. रंगाऱ्याचा भाग छान झाला. माझ्या भागात मात्र ती भुकेनं जागी झाली आणि रडली. रडणाऱ्या बाळाचं पोट भात्यासारखं हलतं. माझी चित्रं सगळी पुसट आली, नवशिक्यानं काढावीत तशी. माझ्या सहीखाली असलं गचाळ काम जाणार? मुळीच नाही.

तोवर रंगारी त्याची उरलेली किरणोत्सारी घाण बंद करायला खाली गेला होता. रंग गोळा झालेलाच होता, म्हणजे आता उपासाची गरज नव्हती. मी ऑपरेटरला सांगितलं, "बाळाला बाहेर काढा. आईला बोलवा. पोटभर पाजू दे, झोपेल. माझा भाग मी पुन्हा घेणार."

आई धावतच आली. बाळाला छातीशी लावलं आणि ते हपापल्यासारखं पिऊ लागलं. आई रडत होती आणि नाक पदरानं पुसत होती, तोच पदर बाळाच्या तोंडाला. मी दुसरीकडे बघितलं. बाळ ढेकर देऊन गाढ झोपलं. पुन्हा त्याच उशीत, त्याच खाचेत ठेवलं. माझी चित्रं आता काचेसारखी आली. संगणकानं जुनी बाजूला टाकली आणि नवी घेतली.

रंगाऱ्याला सांगायचं काही कारण नव्हतं. माझा भाग माझा.

१५ तारीख, शनिवार

माझा रिपोर्ट चार ओळींचा. स्वादुपिंडाचा आकार, रचना ठीक. गाठ दिसत नाही. ज्या आजाराची गाठ मसुराएवढी असते आणि बाकीच्या मांसासारखीच दिसते, ती करड्यात दिसत नाहीच. त्यात माझा दोष नाही.

दुपारी रंगारी पुन्हा दारात. हातात चहा.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या भागात काही वेगळं झालं का काल? माझा एक ठिपका डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसतोय. लघवी तिथं साठते, तशी असेल. मूत्रपिंडं तर तंतोतंत जुळतायत. पण मनाला काही..."

"माझा भाग व्यवस्थित आहे."

"नाही, म्हणजे हलली वगैरे होती का ती?"

"डॉक्टर, माझी चित्रं तुम्हाला हललेली वाटतात?"

"छे, छे. सुंदर आहेत," तो म्हणाला. खरंच तसं म्हणाला. मग बशीत सांडलेला चहा भुरका मारून प्यायला आणि गेला. तो भुरका अजून कानात आहे.

त्यानं लिहिलं: मूत्रपिंडावरचा ठिपका लघवीचा. बाकी स्वादुपिंडात रंग सगळीकडे सारखा. म्हणजे एक ठिपका नाही, सगळंच खराब. दोन रिपोर्ट, दोन सह्या, एक पिन. सर्जनबाईंनी मंगळवारची सकाळ ठरवली. जवळजवळ सगळं काढणार.

आईला त्यांनी सांगितलं तेव्हा मी तिथं नव्हते. नर्स म्हणाली, तिनं एवढंच विचारलं, "सुया मलाच टोचाव्या लागतील का?"

१७ तारीख, सोमवार

वही उघडावीशी वाटत नव्हती. तरी लिहिते.

दुपारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत जाहिरातवाला बसला होता, केसांना जेल लावलेला. टेबलावर मोठ्या कागदावर छापलेलं एक चित्र, नव्या माहितीपत्रकासाठी. आमचं तिसरं चित्र. त्या मुलीचं पोट, करड्यावर निळा, हिरवा, नारिंगी.

"काय देखणं आलंय बघा," साहेब म्हणाले. "फुलपाखरू वाटतं की नाही?"

जाहिरातवाला म्हणाला, "नारिंगी अजून थोडा वाढवू या."

उद्या जिचं पोट फाडायचं तिच्या पोटाला हे फुलपाखरू म्हणत होते! कागद उचलला तो फाडायलाच, आईशप्पथ. फाडण्याआधी सवयीनं वाचला. मी कुठलंही चित्र वाचल्याशिवाय टाकत नाही.

जठर भरलेलं होतं. दुधानं टम्म. मोठा पांढरा फुगा.

आणि त्याच्यावर रंग होता उपाशी पोटाचा.

स्वादुपिंडाची शेपटी जठराच्या मागेच असते. जठर फुगलं की ती मागे, खाली ढकलली जाते. मूत्रपिंडं मात्र पाठीला टेकलेली, ती कुठंही जात नाहीत, म्हणून ती तंतोतंत जुळली आणि म्हणूनच रंगाऱ्याला शंका घेता आली नाही. दिवे लागले तेव्हा घर एका जागी होतं. मी त्या पोरीला पोटभर पाजलं, घर सरकवलं, मग नकाशा काढला. आता त्या नकाशात तो दिवा शेजारच्याच्या छपरावर लागलेला दिसतोय. तो लघवीचा नसेल. तो शेपटीतला असेल. तसं असेल तर एकच ठिपका, आणि उद्या सकाळी सर्जनबाई सगळं काढणार.

साहेब म्हणत होते, "मॅडम, बसा ना, चहा घ्या." मी कागद घेऊन निघाले. मागून जाहिरातवाल्याचा आवाज, "अहो, ती एकच प्रत आहे!"

रंगारी खुर्चीत मांडी घालून बसला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. पाजलं होतं. माझा भाग दुसऱ्यांदा घेतला. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं नाही.

मी वाट बघत होते की आता हा ओरडेल. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पहिली चित्रं आहेत का? रडतानाची?"

"पुसट आहेत. कचरा आहे तो."

"रिकाम्या पोटाची आहेत ना? काढा."

बाजूला टाकलेली ती चित्रं शोधून काढली. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मोज्यांचा वास येत होता. त्यानं त्याचा रंग माझ्या पुसट करड्यावर चढवला. ठिपका सरकला. शेपटीच्या टोकाशी येऊन थांबला, का टोकाच्या जरा बाहेर? चित्र इतकं हललेलं की कड सापडेना. मी म्हटलं आत आहे. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला आत हवाय म्हणून आत दिसतोय. मी म्हटलं, आणि तुम्ही तुमचा रिपोर्ट वाचवताय. तो पहिल्यांदा चिडला. "माझा रिपोर्ट गेला खड्ड्यात हो! कड दाखवा मला. तुम्हाला करडं वाचता येतं ना? मग वाचा!"

मी वाचलं. घाण चित्रांतलं एकेक, पुढे मागे, रडण्याच्या दोन हुंदक्यांमध्ये ती जिथं क्षणभर थांबली असेल ती चित्रं निवडून. तसली थोडी सापडली. त्यांत कड होती. ठिपका आत होता. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं आणि टेबलाखालचे बूट पायात घातले. "चला."

सर्जनबाई हात धुवत होत्या. ऐकून घेतलं. "नक्की?"

"नाही," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

"बरं. शेपटीपासून सुरू करते. तुकडा तपासायला पाठवते आणि उत्तर येईपर्यंत पोट उघडं ठेवून थांबते. पण तिथं काही सापडलं नाही तर पुढे जाणार, हे लक्षात ठेवा." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही पाजलंत कशाला पण?"

"माझी चित्रं चांगली यावीत म्हणून," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला माझीच इतकी शिसारी आली की कॉरिडॉरमधल्या बेसिनपर्यंत जेमतेम पोचले.

१८ तारीख, मंगळवार

शेपटीच्या टोकाशी होती. मसुराएवढी. तेवढी काढली, बाकी स्वादुपिंड जागच्या जागी.

सर्जनबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "सापडली," आणि काहीतरी चावत होत्या.

घरी आले. ताट झाकलेलं होतं. जेवले नाही. हे विचारत होते, "बरं नाही का?" मी म्हटलं, काही नाही. ते ताट उचलून आत गेले आणि पुन्हा गरम करून आणलं. तरी जेवता आलं नाही. ते समोर बसून राहिले, टीव्ही बंद करून, कशासाठी कोण जाणे.

२० तारीख, गुरुवार

बाळाच्या हातातलं ग्लुकोज काढलं. साखर टिकते आहे.

साहेब सगळ्यांना पेढे वाटल्यासारखे ही बातमी वाटत फिरतायत. "यंत्रानं बाळ वाचवलं." सुधारलेला रिपोर्ट रंगाऱ्यानं लिहिला, दोघांच्या सहीसाठी माझ्याकडे पाठवला. त्यात लिहिलं होतं, "तपासणीदरम्यान बाळ हलल्यामुळे प्रथम चित्रं नीट जुळली नाहीत."

बाळ हलल्यामुळे!

मी त्याच्याकडे गेले. "हे काय लिहिलंय?"

"मॅडम, पोर बरी झाली. साहेबांना शोभेलसं काहीतरी लिहायला नको का? कुणाचं काय बिघडलं?"

"जिला बोलता येत नाही तिच्यावर ढकललंत."

"तुम्हालाच वाचवत होतो," तो म्हणाला, आणि बिस्किट पुढे केलं. मला वाचवतोय! त्याच्या या चांगुलपणाची मला मोज्यांपेक्षा जास्त घाण आली. ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "दोन भागांच्या मध्ये बाळाला पाजलं होतं, ही माहिती दुसऱ्या डॉक्टरांना दिली गेली नव्हती." सही केली. बिस्किट घेतलं नाही.

साहेबांनी बोलावून विचारलं, "असं कोण लिहितं?" मग स्वतःच म्हणाले, जाऊ दे, रिपोर्ट वाचतो कोण.

२४ तारीख, सोमवार

आज त्यांना घरी सोडणार होते. नर्सचा निरोप आला, आई मला विचारतेय. जाणार नव्हते. गेले.

तीच प्लास्टिकची खुर्ची. वास तोच, दुधाचा. पण ती उठून उभी राहिली आणि काही म्हणायच्या आत बाळ माझ्या हातात दिलं. मी तीस वर्षं मुलांच्या आतलं बघते आहे, पण बाळ शेवटचं केव्हा हातात घेतलं आठवत नाही. जड होतं. मान सांभाळायची असते हे हाताला आठवलं.

"डॉक्टरबाई, तुमचं ऋण कसं फेडू?" ती म्हणाली. "सगळ्या नर्स म्हणाल्या, रंगीत फोटोवाल्या डॉक्टरांमुळे झालं. मी म्हटलं, नाही हो, त्या बाईंमुळे. त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, पाजा तिला पोटभर. जन्मल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर प्यायली. मला तेव्हाच वाटलं, आता ही जगते. तुमच्याच हाताला यश."

मी गप्प राहायला हवं होतं का? अजून कळत नाही. ती हसत होती. बाळानं माझं बोट धरलं होतं. आणि मला त्या हसण्याचा इतका त्रास होत होता की सहन होईना.

मी सांगितलं. सगळं. पाजल्यामुळेच चित्र चुकलं. त्यामुळे ठिपका सापडला नाही. मी ते लपवलं, विचारल्यावरसुद्धा. जाहिरातीचा कागद हातात आला नसता तर दुसऱ्या दिवशी तिचं स्वादुपिंड गेलं असतं.

ती ऐकत होती. तिचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. तिला एकेक वाक्य समजत गेलं तसं.

"म्हणजे मी पाजलं म्हणून?" ती म्हणाली.

"नाही, नाही. मी सांगितलं म्हणून. तुमचा काही..."

"पण पाजलं तर मीच ना."

मी पुन्हा समजावलं. जठर, शेपटी, रंग. ती ऐकत नव्हती. पुढे झाली आणि बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही. नीट, मानेखाली हात घालून. छातीशी धरलं, आणि बाळानं लगेच तोंड फिरवून शोधायला सुरुवात केली. तिनं ब्लाउजला हात लावला आणि मग थांबली. बाळ तोंड उघडून चोखत होतं हवेतच, आणि ही तशीच उभी.

"पाजा ना," मी म्हटलं. "आता काही होत नाही. खरंच."

तिनं माझ्याकडे बघितलं. असं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. केकच्या क्रीमकडे, मोज्यांकडे, गार ताटाकडे मी कशी बघत असेन ते मला तेव्हा दिसलं.

"हे मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मी आनंदात होते."

रिपोर्टात खरं लिहून झालं होतं, सही झाली होती. मग तिला सांगायचं ते कुणासाठी?

बाळ रडायला लागलं. ती पाठ फिरवून खिडकीकडे गेली. मी दारात उभी राहिले. ती पाजतेय की नाही, ते मला पाठीमागून दिसेना. रडणं थांबेपर्यंत मी तिथंच होते.